मानेरप्लॉ: वीस वर्षे टिकलेले ठाणे दोन महिन्यांत कसे पडले

नकाशावर मानेरप्लॉ शोधायचे तर गावाचे नाव टाकून फारसे हाती लागत नाही. आधी नद्या शोधा. तिबेटातून निघालेली सालवीन म्यानमारमधून दक्षिणेकडे येता येता काही अंतर थायलंडची हद्द बनते. मग एका ठिकाणी दक्षिणेकडून एक लहान नदी तिला येऊन मिळते आणि तिथून सालवीन थायलंडकडे पाठ फिरवून म्यानमारच्या पोटात शिरते. ही लहान नदी म्हणजे मोएइ. बर्मी लोक तिला थाउंगयिन म्हणतात. ती सुमारे ३२७ किलोमीटर लांब आहे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. इथेच नकाशा वाचणाऱ्याची पहिली फसगत होते, कारण कागदावर खाली दिसणारे गाव नदीच्या वरच्या अंगाला असते. संगमापासून मोएइने वर, म्हणजे नकाशावर खाली आले की पश्चिम तीरावर, म्यानमारच्या बाजूला, मानेरप्लॉची जागा येते. समोरचा तीर थायलंडचा.

स्गॉ करेन भाषेत, म्हणजे पूर्व म्यानमारमधल्या करेन जमातीच्या एका भाषेत, नावाचा अर्थ होतो विजयाचे मैदान. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून २७ जानेवारी १९९५पर्यंत हे करेन नॅशनल युनियन या बंडखोर संघटनेचे, म्हणजे केएनयूचे, मुख्यालय होते. त्यानंतर इथे गाव म्हणावे असे काही उरले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. केएनयूची स्थापना ५ फेब्रुवारी १९४७ची. बर्मा ४ जानेवारी १९४८ला स्वतंत्र झाला आणि वर्षभरातच, ३१ जानेवारी १९४९ला, रंगूनच्या वेशीवरच्या इन्सेनमध्ये लढाईला तोंड फुटले. ती ११२ दिवस चालली. करेन लोक आजही ३१ जानेवारी हा क्रांतिदिन पाळतात. पहिले नेते सॉ बा ऊ जी १२ ऑगस्ट १९५०ला मारले गेले. शरणागती नाही, करेन राज्याला मान्यता मिळालीच पाहिजे, शस्त्रे खाली ठेवायची नाहीत, आपले राजकीय भवितव्य आपणच ठरवायचे, ही त्यांची चार तत्त्वे मात्र पुढच्या प्रत्येक नेत्याने घोकली. १९६०च्या दशकात बर्मी लष्कराने 'चार तोड' नावाचे धोरण आणले. बंडखोरांचे अन्न तोडायचे, पैसा तोडायचा, खबर तोडायची आणि नवी भरती तोडायची. प्रत्यक्षात याचा अर्थ गावे उठवणे आणि धान्य जाळणे असा होता. इरावतीचा त्रिभुज प्रदेश आणि पेगू योमाचे डोंगर त्यातून 'साफ' झाले, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेन सैन्य पूर्वेच्या सीमेला येऊन टेकले. मानेरप्लॉ वसले ते त्या पिछेहाटीतून. नावातला विजय हा आशेचा भाग होता.

जागा मात्र डोळसपणे निवडलेली होती. पश्चिमेला डॉना पर्वताची रांग, तिच्यावर घनदाट जंगल आणि पायवाटांशिवाय रस्ता नाही. उत्तरेला सालवीन. समुद्राकडून, म्हणजे मौलमीन बंदराकडून, नदीने वर येऊन हल्ला करावा म्हटले तर तेही शक्य नाही. संगमाच्या खाली सुमारे ४७ किलोमीटरवर हातजी नावाच्या जागी नदीत खडकांची उतरंड आहे. त्याच जागी धरण बांधण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे फिरतो आहे, यावरून पाण्याला किती उतार आहे ते कळावे. त्यावरून बोट चढत नाही. म्हणजे वरच्या पट्ट्यात जी काही होडीवाहतूक चालते ती थायलंडच्या बाजूने येणारी. आणि पूर्वेला मोएइ, जिच्या पलीकडे परका देश, जिथे बर्मी सैन्य उघडपणे पाऊल ठेवू शकत नाही. मराठी वाचकाला गडाच्या भाषेत सांगायचे तर कडा तिन्ही बाजूंना होता आणि चौथ्या बाजूला असा दरवाजा होता की शत्रूला तिथे उभेच राहता येत नव्हते.

थायलंडने हे का चालू दिले? कारण साधे आहे. बँकॉकच्या लष्कराला बर्मी फौजेपेक्षा करेन शेजारी बरे वाटत होते. पूर्वीच्या युद्धांची आठवण दोन्ही देशांत अजून ताजी असते. शिवाय १९७०च्या दशकात थायलंडच्या जंगलांत कम्युनिस्ट बंडखोर होते, आणि कट्टर कम्युनिस्टविरोधी केएनयू सीमेवर असणे सोयीचे होते. सोय संपली की दरवाजाही बंद होणार, हे त्या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते.

गावात होते काय? खांबांवर उभारलेली लाकडी आणि बांबूची घरे, पानांची किंवा पत्र्याची छपरे, मधोमध संचलनाचे मैदान, चर्च, शाळा, दवाखाना. अर्थ, वन, शिक्षण, आरोग्य, परराष्ट्र अशी खाती, आणि त्या खात्यांना शिक्के, टंकलेखन यंत्रे, फायली. करेन लोक आपल्या या देशाला कॉथुले म्हणत. लष्कराचे नाव करेन नॅशनल लिबरेशन आर्मी, तिच्या सात ब्रिगेड, उत्तरेला टाउंगूपासून दक्षिणेला मर्गी-टवॉयपर्यंत पसरलेल्या. १९७६मध्ये इथेच वेगवेगळ्या वांशिक संघटनांची नॅशनल डेमोक्रॅटिक फ्रंट स्थापन झाली. लष्करी राजवटीविरुद्धच्या १९८८च्या उठावानंतर रंगूनचे विद्यार्थी जंगलात पळून आले. १९९०ची निवडणूक जिंकूनही सत्ता न मिळालेल्या खासदारांपैकी काही जण आले आणि १८ डिसेंबर १९९०ला डॉ. सेन विन यांच्या नेतृत्वाखाली निर्वासित सरकार इथेच जाहीर झाले. सेन विन हे आँग सान सू ची यांचे चुलतभाऊ. म्हणजे १९९०नंतर मानेरप्लॉ हे एका जमातीचे ठाणे राहिले नव्हते. बर्मी लष्कराला खटकणारे सगळे एकाच पत्त्यावर आले होते. डावपेचाच्या दृष्टीने ही चूक होती असे माझे मत आहे. लपून लढणाऱ्याने राजधानी बांधली की त्याला ती राखावी लागते, आणि राखण्यासाठी खंदकांत बसून लढावे लागते. गनिमी कावा तिथेच संपतो.

आता पैसा, कारण हा भाग सगळ्यांत रोचक आहे आणि तोच बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो.

१९६२नंतर लष्करशहा ने विन यांच्या समाजवादाने बर्मात दुकाने रिकामी झाली. साबण, औषधे, कापड, सायकलचे सुटे भाग, अजिनोमोटो, काहीच मिळेना. थायलंडमध्ये सगळे होते. मधल्या सीमेवर करेन होते. त्यांनी मोएइच्या काठाने जकात नाके उभारले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर साधारण पाच टक्के कर घ्यायला सुरुवात केली. आत जाई तो कारखान्याचा माल, बाहेर येई गुरे, जेड, रत्ने, कथिल आणि लाकूड. सर्वांत नावाजलेला नाका कॉमूराचा. मोएइच्या वळणात तिन्ही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा, चौथी बाजू अरुंद मान. बंडाच्या अर्थकारणात हे दुर्मीळ आहे. अमली पदार्थ नाहीत, खंडणीही फारशी नाही, चक्क जकात. केएनयूने अफूच्या धंद्यात शिरायचे नाही हे धोरण कसोशीने पाळले. सरकारच्याच अर्थनीतीमुळे सरकारविरोधी फौज पोसली जात होती.

दुसरा झरा सागवानाचा. इथे महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे. मुंबईत १८६३मध्ये सुरू झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन बर्माच्या जंगलांतले सागवान तोडत असे. राजा थिबॉच्या दरबाराने तिला कमी लाकूड दाखवून जास्त नेल्याबद्दल दंड ठोठावला आणि इंग्रजांना १८८५च्या युद्धाचे निमित्त मिळाले. थिबॉ रत्नागिरीला आला, तिथेच १९१६मध्ये वारला. कोकणातल्या जुन्या वाड्यांत 'बर्मा साग' म्हणून जे दाखवतात त्याची वाट मौलमीन बंदरातून येई, आणि मौलमीनला लाकूड येई ते सालवीन आणि तिच्या उपनद्यांतून, ओंडके पाण्यात सोडून. शंभर वर्षांनी त्याच जंगलांच्या एका भागावर केएनयूचे वन खाते परवाने देत होते आणि थाई लाकूड व्यापाऱ्यांकडून पैसे घेत होते.

हे दोन्ही झरे १९८८-८९मध्ये एकदम आटायला लागले. उठाव चिरडल्यावर नव्या लष्करी राजवटीला परकी चलन हवे होते. डिसेंबर १९८८मध्ये थाई सेनाप्रमुख चवलित रंगूनला जाऊन आले, आणि त्यापाठोपाठ थाई कंपन्यांना सीमेवरच्या जंगलांचे ठेके मिळाले. नोव्हेंबर १९८८च्या पुरांनंतर जानेवारी १९८९मध्ये थायलंडने स्वतःच्या जंगलांत तोडबंदी केली होती, त्यामुळे गिरण्यांना बाहेरचे लाकूड हवेच होते. ठेकेदारांनी रस्ते केले. रस्ता एकदा झाला की त्यावरून फक्त ओंडके वाहत नाहीत, लष्करी ट्रकही येतात. सरकारने सीमाव्यापारही हळूहळू कायदेशीर केला. मग नाक्यावर कर भरून जंगलातून माल नेण्याचे कारणच उरले नाही.

रसदेचा हिशोब करून पाहिला की ठाण्याची नाजूक नस दिसते. माणशी दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरा. हजार माणसांना ५०० किलो, म्हणजे ५० किलोची दहा पोती रोज. महिन्याला तीनशे पोती. पावसाळ्याचे पाच महिने वाटा चिखलात जातात, म्हणून कोरड्या हंगामात निदान दीड हजार पोती आधी भरून ठेवायची, तीही खांबांवरच्या कोठारात, उंदीर आणि ओल सांभाळून. डोंगरातली करेन शेती फिरती. उतारावरचे रान तोडायचे, उन्हाळ्यात जाळायचे, पावसात भात पेरायचे आणि पुढच्या वर्षी दुसरा उतार धरायचा. आपल्याकडच्या सह्याद्रीतल्या कुमरी शेतीसारखेच. अशा शेतीतून घर चालते, मुख्यालय चालत नाही. म्हणून तांदूळ, मीठ, डिझेल, औषधे, दारूगोळा सगळे नदीने येई. लांब दांड्याच्या इंजिनाच्या अरुंद होड्या सालवीनवरच्या मे साम लाएप या थाई धक्क्यावरून खाली संगमापर्यंत येत आणि मग मोएइने वर चढत. संगम म्हणजे ठाण्याचा गळा होता. ज्याच्या हाती तो, त्याच्या हाती मानेरप्लॉचे पोट. संगमावरच्या टेकाडाला थू म्वे हता म्हणत. हे नाव लक्षात ठेवा.

लढाईचा हंगाम ठरलेला असे. नोव्हेंबरात पाऊस ओसरतो, भात कापले जाते, बर्मी सैन्य वर चढते. मेच्या मध्यावर पाऊस लागला की तोफा ओढता येत नाहीत, मलेरिया वाढतो आणि सैन्य मागे जाते. या सीमेवरचा फॅल्सिपेरम मलेरिया जगातला सर्वांत औषधप्रतिरोधक मानला जाई. १९९४मध्ये इथल्या छावण्यांत आर्टेसुनेट आणि मेफ्लोक्विन ही दोन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली ती त्यामुळेच. दोन्ही बाजूंची किती माणसे गोळीने गेली आणि किती तापाने, हा प्रश्न इथे गंमतीचा नाही. हे चक्र १९८४मध्ये पहिल्यांदा मोडले. त्या वर्षी सैन्य पावसातही मागे गेले नाही, आणि सुमारे दहा हजार माणसे थायलंडमध्ये आली ती परत गेलीच नाहीत. सीमेवरच्या कायमच्या छावण्यांची सुरुवात तिथून आहे.

सैन्य वर कसे चढत होते हेही सांगितले पाहिजे. ट्रक जात नाहीत तिथे तोफगोळे माणसांच्या पाठीवर जातात. ती माणसे वेठबिगार असत. गावांतून, बाजारांतून, बसस्टँडवरून, तुरुंगांतून धरून आणलेली. हजारो. अनेकांना सुरुंगाच्या वाटेवर पुढे चालवले जाई.

१९९२चा हल्ला हा मानेरप्लॉवरचा पहिला खरा घाव. गावाच्या पश्चिमेला झोपलेल्या कुत्र्यासारखा दिसणारा डोंगर आहे, करेन नाव त्वी पा वी च्यो. मार्च १९९२मध्ये तो बर्मी सैन्याने घेतला. मानेरप्लॉवर नजर ठेवणारी उंची गेली, गोळे येऊ लागले, पण सैन्याला उतरून खाली येता आले नाही. उतारावर, वाटावाटांवर करेन मेटी होती, खंदक होते, आणि सुरुंग होते. एप्रिलच्या अखेरीस, सत्ता जनरल थान श्वे यांच्याकडे जाताच, राजवटीने 'राष्ट्रीय ऐक्यासाठी' हल्ला थांबवल्याचे जाहीर केले. खरे कारण पावसाच्या आत काम होणार नव्हते हे असावे.

इथेच या सगळ्या संरक्षणाचे मर्म आहे. सुरुंग म्हणजे भिंत नव्हे, कारण भिंत दिसते. जंगलातल्या सुरुंगांचा नकाशा बहुधा कागदावर नसतो. कोणत्या वळणावर, कोणत्या झाडाच्या डाव्या अंगाला, कोणत्या ओढ्याच्या उताराशी, हे पेरणाऱ्याला ठाऊक असते आणि त्या मेटीवर पहारा देणाऱ्या पाच-सात जणांना. हे पहारेकरी कोण होते? बहुतेक करेन लोकांप्रमाणे बौद्ध, खेड्यांतले, फारसे न शिकलेले. वरचे अधिकारी आणि नेते? बहुतांशी ख्रिश्चन. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८३०च्या दशकात स्गॉ करेनला लिपी दिली, शाळा काढल्या, आणि शिकलेला वर्ग त्या शाळांतून आला, त्यामुळे हे होणे स्वाभाविक होते. केएनयूचे अध्यक्ष जनरल बो म्या स्वतः सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे. पण आघाडीवर मरणारा एका धर्माचा आणि मागे जकातीचा पैसा मोजणारा दुसऱ्या धर्माचा, असे चित्र वीस वर्षे डोळ्यांसमोर राहिले की त्याचा अर्थ लोक लावतातच.

ठिणगी पडली ती पॅगोड्यावरून. ऊ थुझना नावाचे भिक्षू सालवीनच्या काठच्या म्याइंग जी न्गूला राहत. त्यांना बौद्ध करेन लोकांत मोठा मान होता. जागोजागी पॅगोडे बांधायचे हे त्यांचे व्रत. त्यांनी थू म्वे हतावर, म्हणजे नेमके संगमावर, पॅगोडा बांधायला घेतला. केएनयूने हरकत घेतली. टेकाडावरचा पांढरा चुना लावलेला कळस विमानाला आणि तोफेला खूण ठरेल, असे कारण दिले. लष्करी दृष्टीने ते कारण चुकीचे नव्हते. म्यानमारच्या पूर्व सीमेवर २०२१च्या लष्करी सत्तापालटापासून ज्या पद्धतीने हवाई हल्ले झाले ते पाहता तर अजिबातच नव्हते. पण ज्या फौजेत बौद्ध शिपायांना आधीच दुय्यम वाटत होते, तिथे देऊळ बांधू न देण्याचे लष्करी कारण कोण ऐकून घेणार?

डिसेंबर १९९४च्या सुरुवातीला आघाडीवरचे काहीशे शिपाई मेटी सोडून संगमावर जमले. त्यांनी होड्या अडवल्या. एका फटक्यात मानेरप्लॉची रसद तुटली, तीही आपल्याच माणसांनी. बोलणी झाली, भिक्षूंनी मध्यस्थी केली, केएनयूने काही मागण्या मान्यही केल्या. पण विश्वास उडाला होता, आणि तोवर बर्मी लष्कराने तांदूळ, दारूगोळा आणि संरक्षण देऊ केले होते. महिनाअखेर डेमोक्रॅटिक करेन बुद्धिस्ट आर्मी, डीकेबीए, उभी राहिली. डोक्याला पिवळे फडके बांधत, म्हणून करेनमध्ये त्यांना को पेर बॉ, म्हणजे पिवळ्या पट्टीवाले, म्हणू लागले.

पुढचे सगळे सरळ उताराचे होते. ज्यांनी सुरुंग पेरले त्यांनीच वाट दाखवली. वर्षानुवर्षे न ओलांडता आलेल्या उतारावरून बर्मी तुकड्या ओळीने उतरल्या. उत्तरेतल्या कचिन जमातीच्या बंडखोर संघटनेशी फेब्रुवारी १९९४मध्ये युद्धविराम झाल्यामुळे उत्तरेकडचे सैन्यही मोकळे होते. केएनयूने लढून गाव राखण्याचा अट्टहास केला नाही. कागदपत्रे हलवली, इमारतींना आग लावली आणि लोक नदी ओलांडून गेले. २७ जानेवारी १९९५ला मानेरप्लॉ पडले. महिन्याच्या आत, २१ फेब्रुवारीला, कॉमूराही पडले. तिथे मात्र कसून लढाई झाली, कारण तिथल्या अरुंद मानेवरून चोरवाट नव्हती. दोन ठाण्यांतला हा फरक फार बोलका आहे. जिथे वाट दाखवणारा लागत होता ते आधी गेले. जिथे नुसती तोफ लागत होती ते नंतर.

आपल्याकडे अशा वेळी 'फितुरी' हा शब्द तयार असतो. रायगडाच्या पाडावाला सूर्याजी पिसाळाचे नाव चिकटले ते चिकटलेच. करेन लोकांतही डीकेबीएबद्दल वर्षानुवर्षे हाच शब्द वापरला गेला, आणि डीकेबीएने नंतर जे केले त्याने तो पुसणे अवघड झाले. जानेवारी १९९७मध्ये थायलंडच्या हद्दीत घुसून हुए कालोक ही निर्वासितांची छावणी त्यांनी जाळली. तरीही मेटीवरचा शिपाई का निघून गेला हे न विचारता त्याला फितूर म्हणणे म्हणजे छप्पर का गळले हे न पाहता पावसाला दोष देणे आहे.

डीकेबीएचा मोठा भाग २०१०मध्ये लष्कराच्या सीमारक्षक दलात मिसळला. मोएइच्याच काठावर, म्यावडी या म्यानमारच्या सीमेवरच्या गावाच्या उत्तरेला, श्वे कोको नावाचे शहर त्यांच्या आश्रयाने उभे राहिले. ऑनलाइन फसवणुकीच्या कारखान्यांमुळे आज मराठी वर्तमानपत्रांतही म्यावडीचे नाव येते. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला नेऊन तिथून मोएइपार पोचवलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५मध्ये माए सोत या थाई सीमेवरच्या गावाहून विमानाने परत आणावे लागले. 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, राहणे-जेवण फुकट' अशी जाहिरात कोणाला आली आणि प्रवासाचा शेवटचा टप्पा माए सोत असेल, तर ती नोकरी नाही एवढे पक्के समजावे.

मानेरप्लॉच्या जागेवर नंतर लष्करी चौकी राहिली, पण वस्ती परतली नाही. भग्नावशेष पाहायला मिळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. बांबू-पानांच्या घराला दगडी वाड्यासारखा मरणोत्तर देह नसतो. पानांचे छप्पर दोन-तीन पावसाळ्यांत बदलावे लागते. बदलले नाही तर पाणी आत येते, मग बांबूला भुंगा, खांबांना वाळवी, आणि दहा वर्षांत वर रान उभे राहते. इथे तर आधीच आग लागलेली. अशा ओसाड करेन गावाची जागा ओळखायची ती झाडांवरून. जंगलात एकाएकी सुपारीची सरळ रांग, फणस, आंबा, पपनस दिसले की समजावे, इथे अंगणे होती. कोकणातल्या माणसाला ही खूण वेगळी शिकवावी लागणार नाही.

जवळून पाहायचे तर थायलंडच्या बाजूनेच. माए सोतहून उत्तरेला जाणारा १०५ क्रमांकाचा रस्ता मोएइच्या समांतर माए सारियांगपर्यंत जातो, अंतर सुमारे २३० किलोमीटर. माए सोतहून साधारण ६० किलोमीटरवर डाव्या हाताला चुनखडीच्या कड्याखाली पानांच्या छपरांची अखंड वस्ती दिसते, ती माए ला, सीमेवरची सर्वांत मोठी निर्वासित छावणी. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. पुढे रस्ता घाटाचा, वळणाचा, पावसाळ्यात दरडींचा. सॉन्गथेव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेली पिकअप, मिळते. पण ती सकाळी लवकर सुटते आणि दुपारनंतर पुढची गाडी मिळण्याची खात्री नाही. लष्करी नाक्यांवर पासपोर्टची मूळ प्रत लागते, फोनमधला फोटो चालत नाही. माए सारियांगहून मे साम लाएपला रस्ता उतरतो आणि तिथून होडी. पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उथळ असते, खडक वर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये नदी गढूळ आणि फुगलेली, ओंडके वाहत येतात. एप्रिल २०२१मध्ये समोरच्या तीरावरच्या बर्मी चौकीतून होड्यांवर गोळीबार झाला आणि करेन सैन्याने ती चौकी घेतली. तेव्हापासून थाई अधिकारी धक्का कधी उघडा ठेवतील, कधी बंद, हे परिस्थितीवर असते. संगम थाई तीरावरून दिसतो. पलीकडे पाय टाकणे हा थाई कायद्यानेही गुन्हा आहे आणि सुरुंगांच्या दृष्टीने वेडेपणा.

सुरुंगांची ही बाब शोभेची सूचना नाही. २०२३मध्ये सुरुंग आणि स्फोटक अवशेषांनी मेलेल्या-जखमी झालेल्यांची जगातली सर्वाधिक नोंद म्यानमारमध्ये झाली, १००३ माणसे. बॅटरीवर चालणारे घरगुती सुरुंग काही महिन्यांत निकामी होतात असे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण सरकारी कारखान्यातल्या सुरुंगांना बॅटरी लागत नाही, ते वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पावसाने माती वाहते, तसे ते उतारावरून सरकतात आणि ज्या वाटेवर कधी पेरलेच नव्हते तिथे येऊन थांबतात. म्हणून 'गुरे चरली म्हणजे वाट मोकळी' हा गावकरी अंदाजही दर पावसाळ्यानंतर नव्याने लावावा लागतो.

डिसेंबर २०२४च्या मध्यावर करेन सैन्याने मानेरप्लॉची जागा पुन्हा ताब्यात घेतली, जवळजवळ तीस वर्षांनी. मुख्यालय लगेच तिथे हलवण्यात अर्थ नाही, कारण आजच्या युद्धात एका जागी जमलेले छप्पर म्हणजे विमानाला दिलेला पत्ता. बो म्या २००६मध्ये वारले, ऊ थुझना २०१८मध्ये. १९९४च्या त्या मेटींवर ज्यांनी सुरुंग पेरले ते शिपाई आज पन्नाशी-साठीचे असतील. कोणी छावणीत, कोणी पिवळ्या पट्टीच्या मागे गेलेले, कोणी अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक. वाटा साफ करणाऱ्यांना पहिली चौकशी त्यांच्याकडेच करावी लागणार आहे.